कमला सोहोनी

कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, जन्म : इंदूर, १९११, मृत्यू : १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. केंब्रिज विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. दूध व कडधान्यांतील प्रथिने, वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी, वाल व डबलबी यांसारख्या कडधान्यांतील ट्रिप्सिन-रोधक द्रव्ये आणि नीरेचे पोषणमूल्य हे त्यांच्या संशोधनाचे प्रमुख विषय होते. मुंबईच्या विज्ञान संस्थेत (रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) त्यांनी जीवरसायनशास्त्राचे अध्यापन केले व पुढे त्या या संस्थेच्या संचालक झाल्या. नीरेवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. प्रसिद्ध लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी होत.

जन्म, कुटुंब व शिक्षण

कमला भागवत यांचा जन्म इंदूर येथे एका सुशिक्षित मराठी कुटुंबात झाला. वडील नारायणराव भागवत व काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघांचेही शिक्षण बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजेच पुढे भारतीय विज्ञान संस्था या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेत झाले होते. त्यामुळे रसायनशास्त्र हा विषय घरातच रुजलेला होता. मुलींनी शिकावे, एवढेच नव्हे तर उच्च शिक्षण घ्यावे, याविषयी या घरात दुमत नव्हते. थोरली बहीण दुर्गा संस्कृत, मानववंशशास्त्र व लोकसाहित्याकडे वळली आणि १९७५ मध्ये कऱ्हाड येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची अध्यक्ष झाली. कमलाबाईंनी मात्र वडील व काका यांचा मार्ग धरला.

मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये त्यांनी बी.एस्सी. पदवी मिळवली. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य व भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय होता. परीक्षेतील त्यांचे यश उत्तम होते. वडील व काका ज्या संस्थेत शिकले तेथेच पुढील संशोधन करावे, या हेतूने त्यांनी बंगळुरूच्या संस्थेकडे अर्ज केला.

बंगळुरूच्या संस्थेतील प्रवेश

त्याच वर्षी, म्हणजे १९३३ मध्ये, चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय विज्ञान संस्थेचे संचालकपद स्वीकारले होते. १९३० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे रामन हे त्या काळातील भारतीय विज्ञानाचे सर्वांत मोठे नाव होते. कमलाबाईंचा अर्ज त्यांनी नाकारला. नकाराचे कारण गुणवत्ता हे नव्हते. संशोधनाचे काम स्त्रियांना पेलणारे नाही, अशी त्यांची धारणा होती.

कमलाबाईंनी हा निर्णय मान्य केला नाही. त्या बंगळुरूला गेल्या, संचालकांना प्रत्यक्ष भेटल्या आणि प्रवेश नाकारण्याचे सयुक्तिक कारण त्यांनी विचारले. समाधानकारक उत्तर न मिळाल्याने त्यांनी संचालकांच्या कार्यालयापुढे सत्याग्रह केला. महात्मा गांधींच्या चळवळीने भारावलेल्या त्या काळात हा मार्ग तरुणांच्या परिचयाचा होता. तो एका विज्ञानसंस्थेच्या दारात एका विद्यार्थिनीने वापरावा, ही गोष्ट मात्र नवी होती.

अखेरीस रामन यांनी प्रवेश दिला, तोही अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते; ते परिवीक्षेचे वर्ष असणार होते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, गरज पडल्यास रात्री उशिरापर्यंत, त्यांनी काम करायचे होते. तसेच त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, अशीही अट होती. पुरुष विद्यार्थ्यांना अशी कोणतीही अट नव्हती. कमलाबाईंनी अटी स्वीकारल्या, परंतु त्यांतील अपमान त्या विसरल्या नाहीत. अनेक दशकांनंतर, स्वतः नामवंत झाल्यावरही, रामन हे थोर शास्त्रज्ञ असले तरी या बाबतीत त्यांची दृष्टी संकुचित होती, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले.

वर्षभराच्या कामानंतर रामन यांचे समाधान झाले आणि कमलाबाईंना नियमित प्रवेश मिळाला. त्यानंतर संस्थेची दारे इतर स्त्रियांसाठीही उघडली. पुढे हवामानशास्त्रज्ञ म्हणून ख्याती मिळवलेल्या अ‍ॅना मणी १९४० मध्ये याच संस्थेत संशोधनासाठी दाखल झाल्या. कमलाबाईंचे परिवीक्षेचे वर्ष अशा रीतीने त्यांच्या एकटीचे राहिले नाही. त्या वर्षी काम फसले असते, तर मागून येणाऱ्या विद्यार्थिनींना तेच उदाहरण दाखवून परत पाठवणे सोपे झाले असते.

बंगळुरूतील संशोधन

संस्थेत त्यांना श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. ते शिस्तीचे कडक होते, पण विद्यार्थी होतकरू असल्यास हातचे न राखता शिकवणारे होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. भारतातील बहुसंख्य लोकांच्या आहारात मांस व अंडी अल्प असतात किंवा नसतातच; त्यांना प्रथिने मिळतात ती मुख्यतः डाळींतून आणि परवडेल तेवढ्या दुधातून. म्हणून हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता नव्हता. या संशोधनावर त्यांना १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळाली.

सामू व बफर द्रावणे : संशोधनाची पार्श्वभूमी

कमलाबाईंच्या सर्व कामाच्या मुळाशी प्रथिने आणि विकरे (एन्झाइमे) आहेत. ही द्रव्ये ज्या द्रावणात असतात त्याच्या आम्लतेविषयी ती अत्यंत संवेदनशील असतात. त्यामुळे त्यांच्या संशोधनाचे स्वरूप समजण्यासाठी सामू आणि बफर द्रावण या दोन संकल्पनांची ओळख आवश्यक ठरते.

द्रावणाची आम्लता मोजण्याची सामू (पीएच) ही मोजपट्टी डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये मांडली. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकरांच्या क्रियेचा अभ्यास करताना त्यांना तिची गरज भासली. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. त्याहून कमी सामू असलेली द्रावणे आम्लधर्मी व अधिक सामू असलेली अल्कधर्मी होत. ही मोजपट्टी लघुगणकावर आधारलेली असल्याने सामू एका अंकाने उतरला म्हणजे हायड्रोजन आयनांची संहती दसपट वाढते.

सौम्य आम्ल व त्याचाच क्षार एकत्र असलेल्या द्रावणात थोडे आम्ल किंवा आम्लारी मिसळले तरी त्याचा सामू फारसा बदलत नाही. अशा द्रावणाला बफर द्रावण म्हणतात. बाहेरून आलेले हायड्रोजन आयन क्षारातील ऋण आयन पकडून ठेवतात. आम्लारी आल्यास सौम्य आम्ल ते निष्प्रभ करते. या समतोलाचे गणिती सूत्र अमेरिकेतील लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये मांडले आणि डेन्मार्कमधील कार्ल हॅसेलबाल्ख यांनी १९१६ मध्ये त्याला लघुगणकी रूप दिले.

बफर किती टिकाव धरते, हे साध्या चाचणीने तपासता येते. तीन भांड्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर द्रव घेतला आहे असे समजावे. पहिल्यात शुद्ध पाणी आहे. दुसऱ्यात अ‍ॅसेटिक आम्ल व सोडियम अ‍ॅसिटेट प्रत्येकी ०.१ मोलार संहतीत आहेत. तिसऱ्यात तेच मिश्रण दहापट विरल, म्हणजे प्रत्येकी ०.०१ मोलार आहे. दुसऱ्या व तिसऱ्या भांड्यातील द्रावणाचा सामू आरंभी सारखाच, सुमारे ४.७६ असतो. आता प्रत्येक भांड्यात १ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाचा १ मिलिलिटर मिसळला, तर पाण्याचा सामू ७ वरून सुमारे २ पर्यंत कोसळतो. दुसऱ्या भांड्यातील सामू जेमतेम ४.६७ पर्यंत उतरतो. तिसऱ्या भांड्यातील मात्र सुमारे ३.२ पर्यंत खाली येतो, कारण मिसळलेले आम्ल पकडण्यास तेथील अ‍ॅसिटेट जेमतेम पुरते आणि त्यातच संपून जाते.

या चाचणीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. सामू सारखा असला म्हणून दोन द्रावणांची प्रतिकारशक्ती सारखी असतेच असे नाही. ती संहतीवर अवलंबून असते. दुसरे असे की बफरची शक्ती मर्यादित असते. ती मर्यादा ओलांडली की सामू वेगाने बदलतो. आम्ल व क्षार समप्रमाणात असतात तेव्हा बफर सर्वांत समर्थ असते आणि त्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना सुमारे एका अंकापर्यंतच ते उपयोगी पडते. म्हणून कोणत्या प्रयोगाला कोणते बफर व किती संहतीचे, हे संशोधकाला आधी ठरवावे लागते. मानवी रक्तातही असेच बफर असतात. त्यांच्यामुळे रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो.

केंब्रिज

एम.एस्सी. नंतर कमलाबाई इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स होते. आहारातील जीवनसत्त्वांविषयीच्या कामासाठी त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. कमलाबाई पोहोचल्या तेव्हा प्रयोगशाळेतील सर्व जागा भरलेल्या होत्या. तेव्हा डेरेक रिक्टर या संशोधकाने आपले काम रात्री करण्याची तयारी दाखवली आणि दिवसा आपले मेज त्यांना वापरण्यास दिले. बंगळुरूला प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागलेल्या विद्यार्थिनीला परक्या देशात एका सहकाऱ्याने स्वतःची जागा देऊ केली, हा विरोध त्यांच्या चरित्रात ठळकपणे दिसतो.

रिक्टर दुसरीकडे गेल्यावर कमलाबाईंनी रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले. हरितद्रव्यकणांमध्ये प्रकाशाच्या साहाय्याने होणाऱ्या ज्या क्रियेला आज हिल अभिक्रिया म्हणतात, ती याच हिल यांच्या नावाने ओळखली जाते. वनस्पतींच्या ऊतींवर काम करताना, विशेषतः बटाट्याच्या अभ्यासातून, कमलाबाईंना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी असल्याचे आढळले. सायटोक्रोम ही लोहयुक्त प्रथिने असून पेशीतील श्वसनात ती इलेक्ट्रॉनांची ने-आण करतात. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये त्यांचे महत्त्व दाखवून दिले होते. प्राण्यांच्या पेशींत चालणाऱ्या ऑक्सिडीकरणाची यंत्रणा वनस्पतींच्या पेशींतही आहे, या निष्कर्षाला कमलाबाईंच्या कामाने बळ दिले.

या संशोधनावरील त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांच्या आसपास होता आणि केंब्रिजला आल्यापासून सुमारे चौदा महिन्यांत तो पूर्ण झाला. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख अनेकदा केला जातो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्येच डॉक्टरेट दिली होती; मात्र ती पदवी डी.एस्सी. ही होती. हा भेद लक्षात घेतला म्हणजे दोन्ही उल्लेख आपापल्या जागी योग्य ठरतात.

दिल्ली व कुन्नूर

परदेशात संशोधनाच्या संधी असतानाही कमलाबाई १९३९ मध्ये भारतात परतल्या. स्वातंत्र्यचळवळीचा व गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि आपले ज्ञान आपल्या देशासाठी वापरावे अशी त्यांची इच्छा होती. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांनी काम केले. त्यानंतर निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या साहाय्यक संचालक झाल्या व तेथे त्यांनी जीवनसत्त्वांच्या परिणामांवर संशोधन केले.

१९४७ मध्ये त्यांचा विवाह विमागणिती (अ‍ॅक्च्युअरी) मा. वि. सोहोनी यांच्याशी झाला आणि त्या मुंबईस आल्या. येथून पुढील त्यांचे बहुतेक सर्व कार्य मुंबईत झाले.

मुंबई : कडधान्यांतील ट्रिप्सिन-रोधक द्रव्ये

मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने सुरू झाला, तेव्हा तेथील प्राध्यापकपदी कमलाबाईंची नेमणूक झाली. विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी कडधान्यांच्या पोषणमूल्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली अनेक विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर व पीएच.डी. पदव्या मिळवल्या.

या अभ्यासात पुढे आलेला एक महत्त्वाचा विषय म्हणजे ट्रिप्सिन-रोधक द्रव्ये. ट्रिप्सिन हे स्वादुपिंडाच्या रसातील विकर असून ते लहान आतड्यात प्रथिनांचे तुकडे करते. काही कच्च्या कडधान्यांत अशी प्रथिने असतात की ती ट्रिप्सिनला चिकटून त्याचे काम थांबवतात. अन्नात प्रथिने भरपूर असूनही ती अंगी लागत नाहीत, ती यामुळे. सोयाबीन शिजवल्याने त्याची पोषकता वाढते, हे अमेरिकेत ऑसबोर्न व मेंडेल यांनी १९१७ मध्ये दाखवले होते आणि सोयाबीनमधील रोधक द्रव्य कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये स्फटिकरूपात वेगळे केले. परंतु भारतीयांच्या ताटात त्या काळी सोयाबीन जवळजवळ नव्हते. येथे प्रश्न होता तो वाल, डबलबी आणि इतर भारतीय कडधान्यांचा व भाज्यांचा. कमलाबाई व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात नेमका हा प्रश्न हाती घेतला. वाल व डबलबी यांतील ट्रिप्सिन-रोधकांविषयीचे त्यांचे निष्कर्ष १९५५ मध्ये नेचर या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

ट्रिप्सिन-रोधकाच्या चाचणीत बफर द्रावणाला मध्यवर्ती स्थान असते. दुधातील केसिन हे प्रथिन बफरमध्ये विरघळवून त्यात ट्रिप्सिन मिसळतात आणि ठरावीक वेळात किती केसिनचे विघटन झाले हे मोजतात. दुसऱ्या नळीत हेच सर्व घेऊन त्यात कडधान्याचा अर्कही घालतात. दुसऱ्या नळीत विघटन कमी झाले, तर अर्कात रोधक आहे असा निष्कर्ष निघतो. पण ट्रिप्सिन सर्वांत चांगले काम करते ते सामू ८ च्या आसपास. द्रावण आम्लधर्मी झाले की त्याचा वेग आपोआप घटतो. अर्क किंचित आम्लधर्मी असेल आणि बफर दुबळे असेल, तर सामू घसरल्यामुळे मंदावलेली क्रिया रोधकामुळे मंदावली असे वाटून संशोधकाची फसगत होऊ शकते. म्हणून अर्क मिसळण्यापूर्वीचा व नंतरचा सामू सारखाच राहतो याची खात्री आधी करून घ्यावी लागते. बफरचा टिकाव तपासण्याची चाचणी विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेच्या सुरुवातीच्या दिवसांतच शिकवतात, त्यामागे हे कारण आहे.

वालाचे नाते कोकणाशी विशेष आहे. रायगड जिल्ह्यात पनवेल, पेण, अलिबाग या भागांत भाताची कापणी झाल्यावर जमिनीतील उरलेल्या ओलाव्यावर वालाचे पीक घेतले जाते. वाल रात्रभर भिजत घालणे, पाणी उपसून फडक्यात बांधून मोड आणणे, साले काढणे आणि मग बिरडे शिजवणे, ही तेथील घराघरांतील रीत आहे. भिजवण्यामुळे व मोड आणण्यामुळे रोधक द्रव्यांचे प्रमाण काही अंशी कमी होऊ शकते आणि नीट शिजवल्याने त्यांचा प्रभाव बव्हंशी नष्ट होतो, हे पोषणशास्त्राने दाखवून दिले आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या स्वयंपाकाच्या रीतीमागील रसायन अशा संशोधनातून उलगडले. वाल अर्धाकच्चा खाऊ नये, या घरातील वडीलधाऱ्यांच्या सांगण्यालाही त्यातून आधार मिळाला.

नीरा

ताड, माड, शिंदी या झाडांतून पहाटे उतरवलेला ताजा गोड रस म्हणजे नीरा. तो ताजा असताना त्याचा सामू उदासीन बिंदूच्या जवळपास असतो. पण त्यातील साखरेवर यीस्ट व जिवाणू तुटून पडतात, आम्ल व अल्कोहोल तयार होते, सामू घसरत जातो आणि काही तासांत नीरेची ताडी होते. मडक्याला आतून चुना लावण्याची जी पारंपरिक पद्धत आहे ती ही क्रिया रोखण्यासाठीच. चुना हा बफर नव्हे. तो रस अल्कधर्मी करतो आणि त्यामुळे यीस्टची वाढ मंदावते. नीरेतील स्वतःची बफरशक्ती आंबण्याच्या वेगापुढे टिकत नाही, म्हणून हा बाहेरचा उपाय करावा लागतो.

मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाल्यावर ताडी उतरवून पोट भरणाऱ्यांपुढे उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. ताडीऐवजी नीरा व ताडगूळ यांना उत्तेजन द्यावे, असा विचार त्या काळी पुढे आला. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास हाती घेतला. नीरेत अ व क जीवनसत्त्वे आणि लोह लक्षणीय प्रमाणात असल्याचे, तसेच ताडगूळ व काकवी करतानाही ही पोषकद्रव्ये टिकून राहत असल्याचे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुलामुलींच्या व गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत चांगली सुधारणा दिसून आली. स्वस्त व स्थानिक पदार्थाने कुपोषणाशी झगडता येते, हे या कामाने दाखवले. याच कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार देण्यात आला.

दूध

मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही कमलाबाईंनी दुधाच्या गुणवत्तेविषयी सल्ला दिला. ताज्या गाईच्या दुधाचा सामू सुमारे ६.६ ते ६.८ असतो. केसिन, फॉस्फेटे व सायट्रेटे यांच्यामुळे दूध हे स्वतःच एक चांगले बफर आहे. जिवाणू दुधातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करू लागले तरी आरंभी सामू फार उतरत नाही. दूध वरकरणी ताजेच दिसते. पुढे ही शक्ती संपत जाते आणि सामू ४.६ च्या आसपास आला की केसिनचे कण एकमेकांना चिकटून दूध जमते. तापवताना तर त्याहून बऱ्याच वरच्या सामूलाच दूध फाटते. म्हणून शहराला दूध पुरवणाऱ्या केंद्राला दूध डोळ्यांनी पाहून भागत नाही. त्याची आम्लता मोजावी लागते. विद्यार्थिदशेत दुधातील प्रथिनांवर केलेले कमलाबाईंचे काम अशा रीतीने एका महानगराच्या रोजच्या गरजेशी जोडले गेले.

संचालकपद व ग्राहक चळवळ

गुणवत्ता व ज्येष्ठता असूनही विज्ञान संस्थेचे संचालकपद कमलाबाईंना वेळेवर मिळाले नाही. स्त्री असल्यामुळे त्यांची बढती सुमारे चार वर्षे रखडली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. अखेर त्या संचालक झाल्या. तरुण वयात ज्या पूर्वग्रहाने त्यांना प्रवेशद्वाराशी अडवले होते, तोच त्यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धातही आडवा आला.

मुंबईत १९६६ मध्ये स्त्रियांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेच्या कामात त्या सक्रिय होत्या. १९८२-८३ मध्ये त्यांनी या संस्थेचे अध्यक्षपद भूषवले. संस्थेच्या कीमत या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले. प्रयोगशाळेतील ज्ञान सामान्य गृहिणीच्या हाती पोचावे, हा त्यांच्या या कामामागील हेतू होता.

निधन

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) वृद्धापकाळी त्यांचा नवी दिल्ली येथे सत्कार आयोजित केला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात, १९९८ मध्ये, त्यांचे निधन झाले. १८ जून २०२३ रोजी गूगल या शोधयंत्राने मुखपृष्ठावर त्यांचे चित्र प्रसिद्ध करून त्यांना अभिवादन केले.

कार्याचे महत्त्व

कमला सोहोनी यांच्या संशोधनाचे विषय पाहिले असता त्यांतील एकसूत्रीपणा जाणवतो. दूध, डाळी, वाल, नीरा, गूळ हे सर्व पदार्थ भारतीय घरातील व बाजारातील आहेत. परदेशी प्रयोगशाळेत आत्मसात केलेली काटेकोर पद्धत त्यांनी या रोजच्या पदार्थांना लावली आणि गरिबांच्या पोषणाचा प्रश्न जीवरसायनशास्त्राच्या कक्षेत आणला.

विज्ञानातील स्त्रियांच्या इतिहासातही त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांच्या प्रवेशासाठी त्यांना जे करावे लागले ते पुढील विद्यार्थिनींना करावे लागले नाही. मात्र प्रवेश मिळाल्याने प्रश्न सुटला असे झाले नाही. नेमणूक व बढती यांच्या प्रत्येक पायरीवर त्यांना पुन्हा स्वतःची पात्रता सिद्ध करावी लागली. आज महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र व जीवरसायनशास्त्र प्रयोगशाळांत सामू मोजणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये मुलींची संख्या मोठी आहे. १९३३ मध्ये ही गोष्ट देशातील अग्रगण्य विज्ञानसंस्थेच्या संचालकांनाही अशक्य कोटीतील वाटत होती, हे ध्यानात घेतल्यास कमलाबाईंच्या परिवीक्षेच्या त्या एका वर्षाचे मोल कळून येते.